आमच्या घरातली पुण्यवान मरणं

आमच्या माहेरी मरणाचा एक अभिमान होता. हे लिहिताना आता मलाच कसंतरी वाटतं, पण होता.

अमरावतीत आमच्या घरी तीन पिढ्यांची भिक्षुकी. बाबा अजूनही करतात. लग्न, वास्तुशांत, सत्यनारायण, तेरवी, सगळंच. दुसऱ्यांच्या घरची आजारपणं त्यांनी फार जवळून पाहिलेली. कोण किती महिने अंथरुणाला खिळलं होतं, कोणाच्या पाठीला जखमा झाल्या, कोणाच्या सुना शेवटी शेवटी खोलीत यायच्या बंद झाल्या, हे त्यांना माहीत असे. मग जेवताना कधीतरी ते सहज म्हणत, "आपल्या घरावर देवाची कृपा आहे. कोणाला कोणाची सेवा घ्यायची वेळ आली नाही."

ते खोटं नव्हतं. आजोबा एका घरी पूजा सांगून आले, पाय धुतले, बाजेवर टेकले आणि गेले. पन्नाशीही झाली नव्हती. बाबांचे धाकटे भाऊ, आमचे काका, शाळेत शिक्षक होते, लग्न केलं नव्हतं. बडनेरा स्टेशनवर गाडी सुटेल म्हणून ते पूल धावत चढले, वरच्या पायरीवर बसले आणि तिथून उठलेच नाहीत. आत्या अकोल्याला दिलेली. ती तिशीच्या आत गेली, अंगणात पाण्याची बादली उचलता उचलता. तिच्या सासरचे लोक म्हणाले, भरल्या कपाळानं गेली, भाग्याची होती.

ही तिन्ही नावं आमच्या घरी आदरानं घेतली जात. तेरवीला जेवणं झाली की यजमान बाबांना दोन शब्द बोलायला सांगत. माणूस अचानक गेलेला असेल तर बाबा आपल्या वडिलांचं उदाहरण देत. "असं मरण मागून मिळत नाही," म्हणत. त्यांचा आवाज भारदस्त आहे. समोरच्या बायका डोळे पुसत आणि त्यांना खरोखर बरं वाटत असे. मी लहानपणी बाबांसोबत अशा घरी गेले आहे आणि त्यांच्या बोलण्याचा मलाही अभिमान वाटला आहे.

मग तीन वर्षांपूर्वी, उन्हाळा लागत असताना, माझा मोठा भाऊ अमरावतीच्या कोर्टात जिन्यात कोसळला.

दादा वकील आहे. तेव्हा चव्वेचाळीसचा होता, सुपारीचंही व्यसन नाही. मागून येणाऱ्या एका वकिलानं कधीतरी प्रथमोपचाराचं शिबिर केलं होतं. त्यानं दादाला तिथंच आडवं केलं आणि छाती दाबत राहिला. हॉस्पिटल जवळ होतं. तिथं शॉक दिल्यावर दादाचं हृदय पुन्हा चालू झालं. मला अकोल्याला वहिनीचा फोन आला तेव्हा मी दहावीच्या वर्गावर होते. ती एवढंच म्हणाली, "ताई, या. जिवंत आहेत." ते शेवटचे दोन शब्द तिनं आधी सांगायला हवे होते, असं मला वाटेत सारखं वाटत राहिलं.

दोन दिवसांनी दादाला नागपूरला हलवलं. तिथल्या डॉक्टर बाई वयानं माझ्यापेक्षा लहान असतील. त्यांनी सगळे रिपोर्ट पाहिले आणि आम्हाला, म्हणजे मला, वहिनीला आणि बाबांना, आत बोलावलं.

"घरात याआधी कोणी अचानक गेलं आहे का? तरुणपणी?"

बाबांनी सांगितलं. आजोबा, काका, आत्या. तेरवीला बोलतात त्याच आवाजात सांगितलं. बाई लिहीत होत्या. आत्याचं वय ऐकल्यावर त्यांनी मान वर केली.

"तिघंही असेच गेले?"

"तिघंही," बाबा म्हणाले. "आमच्याकडे याला भाग्य समजतात, डॉक्टर. कोणाकडून काही करून घेतलं नाही."

"काका, हे भाग्य नाही," बाई म्हणाल्या. आवाज मऊच होता. "हा आजार आहे. तुमच्या मुलाला आहे, आणि बहुतेक त्या तिघांनाही तोच असावा."

मग त्यांनी कागदावर हृदय काढून दाखवलं. दादाच्या हृदयाची एक भिंत जाड झालेली आहे. अशा हृदयाचं ठोके देण्याचं तंत्र कधीतरी एकदम बिघडतं. वर्षानुवर्षं काहीच होत नाही आणि मग एक दिवस होतं. हे खाण्यापिण्यानं येत नाही. जनुकात एका ठिकाणी बदल झालेला असतो, तो आई किंवा वडिलांकडून मुलाकडे येतो. प्रत्येक मुलाला यायची आणि न यायची शक्यता सारखीच.

बाबा उठून उभे राहिले. "माझ्या वडिलांना काही आजार नव्हता," ते म्हणाले आणि बाहेर बाकावर जाऊन बसले.

दादाच्या छातीत कातडीखाली एक लहान यंत्र बसवलं. ठोका बिघडला तर ते आतूनच शॉक देतं. त्याच्या रक्ताचा नमुना तपासायला गेला आणि काही आठवड्यांनी त्यात तो बदल सापडला. कुठे पाहायचं ते एकदा कळल्यावर बाकीच्यांचं सोपं होतं. बाबांचं, माझं आणि दादाच्या मुलीचं रक्त घेतलं. आईचं नको म्हणाले. "मी बाहेरून आलेली," आई म्हणाली, "या घराण्यातलं मला काही मिळालं नाही ते एका परीनं बरं झालं."

बाबांचा रिपोर्ट आधी आला. त्यांच्यात तो बदल होता.

ते मानायलाच तयार नव्हते. "मी एकाहत्तर वर्षांचा आहे. रोज पायी फिरतो. माझ्यात असतं तर मी कधीच गेलो असतो." डॉक्टर बाईंनी फोनवर त्यांना समजावलं की एकाच घरात, एकाच बदलामुळे, कोणी तिशीत जातं आणि कोणी नव्वदीपर्यंत चालत राहतं. काहून असं होतं ते पूर्ण कोणालाच माहीत नाही. बाबांच्या इकोत भिंत थोडी जाड दिसली, एवढंच. त्यांनी फोन ठेवला आणि आम्हा सगळ्यांसमोर म्हणाले, "म्हणजे मी दिलं."

 दादा मुद्दाम टीव्हीचा आवाज वाढवून बसला.

त्यानंतर बाबा गप्प झाले. संध्या, पूजा नेमानं करत, पण संध्याकाळी ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलणं थांबलं. महालक्ष्म्यांच्या सणाला मी माहेरी गेले तेव्हा आई मेथी निवडत होती आणि बाबा शेजारी पेपर वाचत होते. पेपर बराच वेळ एकाच पानावर होता. एकदम ते आईला म्हणाले, "ताईला काही आजार असता तर कोणाच्या लक्षात आलं नसतं का?" ताई म्हणजे आमची आत्या; बाबांहून लहान, पण घरात सगळे तिला ताईच म्हणत.

आईनं मेथी खाली ठेवली. "माझ्या लक्षात आलं होतं. माहेरपणाला आल्या की जिना चढताना मध्येच बसायच्या. एकदा चक्कर येऊन पडल्या. मी सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, उपास फार करते. तुम्हालाही सांगितलं होतं."

"मला आठवत नाही."

"मला आठवते." आई थांबली आणि मग थांबेना. "तुम्ही सगळे हात जोडून म्हणत होते, सवाष्ण गेली, पुण्यवान गेली. तिचं पोरगं तीन वर्षांचं होतं. मी तिथं होते. ते पोरगं अंगणातल्या प्रत्येक बादलीत वाकून पाहत होतं, आई दिसते का म्हणून. मला तर त्यात काही पुण्य दिसलं नाही. सासूबाई किती वर्षं एकट्या राहिल्या तेही पाहिलं मी. तेव्हा कोणी विचारलं नाही, म्हणून बोलले नाही."

बाबांनी पेपराची घडी केली. त्यांना राग आला असेल असं मला वाटलं. पण ते म्हणाले, "त्या पोराला सांगितलं का कोणी?"

ते पोरगं म्हणजे माझा आतेभाऊ. आता चाळिशीच्या पुढचा, अकोल्यातच असतो, बी-बियाण्यांचं दुकान आहे. माझ्या घरापासून रिक्षानं थोडं अंतर. सणावाराला भेट होते, बाकी नाही. त्याला सांगण्याचं काम अर्थातच माझ्याकडे आलं.

मी दुपारी गेले, गिऱ्हाईक नसताना. त्यानं चहा मागवला. मी दादाचं सांगितलं, ते त्याला माहीत होतं. मग तपासणीचं सांगितलं. तो हात वर करून म्हणाला, "ताई, मला माहीत करून नाही घ्यायचं. दोन पोरं आहेत. एकदा कागदावर आलं की रोज तेच डोक्यात फिरणार."

"निदान इको तरी कर."

"पाहू."

मी उठायला लागले तर म्हणाला, "बस. माझी आई काहून गेली ते सांग. नीट सांग, सुरुवातीपासून."

मी सांगितलं. डॉक्टर बाईंनी जसं कागदावर काढलं होतं तसं बिलाच्या पाठीमागे काढून सांगितलं. जिन्यात बसायची, चक्कर यायची, तेही सांगितलं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "मला लहानपणापासून सगळे म्हणत, तुझी आई भाग्यवान. मला वाटे, तिलाच जायचं असेल. कोणी बोलावलं आणि ती गेली, अशी." एवढं बोलून त्यानं ते बिल घडी घालून गल्ल्यात ठेवलं. पुढच्या महिन्यात त्यानं इको केला. काही निघालं नाही. रक्ताची तपासणी त्यानं आजपर्यंत केलेली नाही, आणि मी पुन्हा विषय काढलेला नाही.

माझा रिपोर्ट आला तेव्हा मला फारसं आश्चर्य वाटलं नाही. बदल होता. इकोत भिंत जाड होती, दादाइतकी नाही. शाळेचे दोन मजले चढताना मला दम लागायचा, तो वजनामुळे लागतो असं मी धरून चालले होते. आता रोज सकाळी एक गोळी घेते. मुख्याध्यापिकेला सांगितलं, तर तिनं माझे सगळे वर्ग खाली घेतले आणि शिक्षकांच्या खोलीत ही बातमी मधल्या सुट्टीआधी पोचली. काही दिवस लोक माझ्याशी हळू आवाजात बोलत. मग परीक्षा आल्या आणि सगळे विसरले.

दादाच्या मुलीला मात्र तो बदल नव्हता. ते सांगायला वहिनीचा फोन आला. तिनं आधी पावसाचं विचारलं, मग माझ्या गोळीचं, मग पुन्हा पावसाचं.

"वहिनी, पोरीचा रिपोर्ट आला का?"

"आला." मग एकदम रडायलाच लागली. "नाही निघालं, ताई. पण मला आनंद नाही करता येऊन राहिला. आपल्या दोघींच्या मिळून दोन पोरी. डॉक्टर म्हणाल्या अर्ध्यांना येतं. माझ्या पोरीला नाही, म्हणजे तुमच्या..."

मी गणित शिकवते. दरवर्षी दहावीला संभाव्यतेचा धडा असतो आणि दरवर्षी निम्मा वर्ग हीच चूक करतो. मी वहिनीला म्हटलं, "तसं नसतं. तुम्ही नाणं उडवलं, मी उडवलं. तुमचं काय पडलं ते माझ्या नाण्याला माहीत नसतं." तिला पटलं की नाही कोण जाणे. मला धडा पाठ होता, तरी फोन ठेवल्यावर मी बराच वेळ तोच हिशेब मनात करत बसले.

त्या हिवाळ्यात मूर्तिजापूरजवळच्या एका गावात बाबांच्या जुन्या यजमानांकडे तेरवी होती. भाजीपाला करणारं घर. वांगी, कोबी, सांभार म्हणजे कोथिंबीर, सगळं मूर्तिजापूरच्या बाजारात जातं. चोवीस वर्षांचा मुलगा शेतात मोटर सुरू करायला गेला आणि पडला तो गेलाच. बाबा अमरावतीहून एस.टी.नं आले, मी अकोल्याहून रेल्वेनं. तिथून त्यांना माझ्याकडे राहायला न्यायचं होतं.

जेवणं झाली. मुलाचे चुलते म्हणाले, "महाराज, तुमी दोन शब्द बोला."

बाबा उभे राहिले. मला वाटलं, आता आजोबांचं उदाहरण येईल. बाबांनी सुरुवातही तशीच केली, "माझे वडील असेच गेले," आणि थांबले. मग मुलाच्या आईकडे वळून त्यांनी विचारलं, "बाई, तुमच्या घरात किंवा माहेरी याच्या आधी कोणी असं गेलं आहे का? तरुण?"

ती बाई भिंतीला टेकून बसली होती. तिनं पदर सावरला. "माहा भाऊ. विहिरीवर. लोकं म्हणे, साप चावला असन. पण अंगावर काहीच नवतं."

"तुमच्या बाकीच्या दोन लेकरांना डॉक्टरकडे न्या," बाबा म्हणाले. "हृदयाचा इको म्हणतात, तो करून घ्या. छातीवर यंत्र फिरवतात, दुखत नाही. माझे वडील, भाऊ, बहीण असे गेले आणि आम्ही त्यांना पुण्यवान म्हणत राहिलो. तो आजार होता. माझ्यात आहे, माझ्या मुलात आहे, या मुलीत आहे." त्यांनी माझ्याकडे हात केला. सगळ्या मांडवानं माझ्याकडे पाहिलं.

चुलते तडकले. "महाराज, आज हा विषय कायले काढता? घरात आधीच एवढं झालं. मंग आमचा पोरगा पुण्यवान नवता का?"

"होता," बाबा म्हणाले. "पण त्याला जायचं काही कारण नव्हतं."

आणि ते खाली बसले.  आम्ही निघालो तेव्हा दक्षिणा दिली, पण पोचवायला फाटकापर्यंत कोणी आलं नाही. स्टेशनवर बाबा म्हणाले, "मी चुकीच्या दिवशी बोललो का?" मी म्हटलं, "दुसऱ्या कोणत्या दिवशी त्यांनी तुम्हाला बोलावलं असतं?"

त्या घरानं वर्षश्राद्धाला दुसरे गुरुजी बोलावले. बाबांना ते लागलं. पण त्याआधीच कधीतरी मला एक फोन आला होता. नंबर अनोळखी, आवाज त्या मुलाच्या आईचा. "बाई, महाराजांच्या लेकीशीच बोलून राहिली ना मी? ते छातीवर फिरवायचं यंत्र अकोल्यात कुठी हाये?" मी पत्ता सांगितला, स्वतः सोबत गेले. मुलगी ठीक होती. धाकट्या मुलाच्या तपासणीत डॉक्टरांना काहीतरी शंका आली आणि त्याला गोळ्या सुरू झाल्या. नेमका कोणता आजार ते त्यांनी मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. बाबांना हे कळवलं तर ते फक्त "बरं" म्हणाले. त्या संध्याकाळी ते ओट्यावर बसले होते, असं आईनं सांगितलं.

आमच्या मुलीच्या तपासणीवरून माझं आणि नवऱ्याचं महिनाभर जुळेना. तो म्हणे, अठरा वर्षांची होऊ दे, तिचं ती ठरवेल. मी म्हणे, माझ्या आत्यासारखं जिन्यात बसून चालणार नाही. शेवटी तेरा वर्षांच्या तिलाच समोर बसवून सगळं सांगितलं. तिनं विचारलं, "आजोबांमध्ये पण आहे ना?" आहे म्हटलं. "आणि आत्याआजी... तुझी आत्या, तिच्यात पण असेल?" असेल म्हटलं. "मग करू या. कोणासारखी आहे ते तरी कळेल."

तिच्यात बदल निघाला. वहिनीला मी हे फोनवर सांगितलं नाही, अमरावतीला जाऊन सांगितलं. ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि तिनं माझ्या मुलीसाठी उगाचच शिरा केला.

मुलीचा इको मात्र स्वच्छ आहे. भिंत नेहमीसारखी, ठोके नेहमीसारखे. आता वर्षातून एकदा दादा, मी आणि ती एकत्रच नागपूरला जातो. तिवस्याला चहा घ्यायला थांबतो. दादाचं यंत्र तपासतात, माझी भिंत मोजतात, तिचं सगळं पाहतात. दादा प्रतीक्षागृहात तिला कायद्याची कोडी घालतो आणि ती त्याला वाद घालून हरवते.

ती शाळेत चारशे मीटर पळते. मला वाटलं होतं, आता तरी थांबेल. मी डॉक्टर बाईंना तसं विचारलंही, म्हणजे त्यांनी नाही म्हणावं म्हणूनच विचारलं. बाईंनी रिपोर्ट पुन्हा चाळले आणि म्हणाल्या, आज हृदयात काही दिसत नाही, तपासणी चुकवू नका, चक्कर आली, छातीत दुखलं, धडधडलं तर लगेच थांबायचं. पण पळू द्या.

"नक्की?" मी विचारलं.

"नक्की कोणालाच काही सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "पण बिछान्यात बसवून ठेवण्यासारखं तिला काही झालेलं नाही."

यंदाच्या क्रीडा दिवसाला मी मैदानाच्या कडेला उभी होते. नवरा म्हणाला होता, जाऊ नकोस, तुझंच हृदय बंद पडेल. मी गेले. ती तिसऱ्या पट्ट्यात होती. शिट्टी वाजली. शेवटच्या वळणावर ती मागे पडली, तेव्हा माझे पाय आपोआप पुढे सरकले आणि शेजारच्या बाईनं माझा दंड धरला. ती रेषा ओलांडून वाकली, गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत राहिली, सगळ्याच मुली टाकत होत्या. मग सरळ झाली आणि पाण्याची बाटली कोणी घेतली म्हणून मैत्रिणीवर ओरडली.

चौथी आली. घरी येताना स्कूटरवर फुगून बसली होती. संध्याकाळी बाबांचा फोन आला, त्यांनी तिला नंबर विचारला. चौथा ऐकून ते म्हणाले, "काहून? सराव कमी पडला का?" आणि ती त्यांच्याशी भांडत आतल्या खोलीत निघून गेली.